नागू, तुझा लेप आणि माझी ट्यूब

नागू, तू गेल्यापासून दुकानात कुणी गळवावर औषध मागितलं की माझा हात फळीपाशीच थांबतो. समोरच्याला वाटतं, मेडिकलवाला औषध शोधतोय. मी तुझ्याशी भांडत असतो. तू असतास तर स्टुलावरून पुढं वाकून आधी त्याला विचारलं असतंस, "कुटं झालंय? दाखव की." आणि त्या माणसानं माझ्यासमोर कधी वर केली नसती ती बाही तुझ्यासमोर वर केली असती.

पेपरात तुझ्याविषयी आलं ते मी वाचलं. फोटो चांगला होता, फेट्यातला. मजकूरही खरा होता: कुठली मैदानं मारलीस, किती पैलवान घडवलेस. पण त्यात माझा नागू मला सापडला नाही. सकाळची मेहनत संपली की अंगावर तांबडी माती तशीच घेऊन, दोन म्हशींचं दूध घरोघर घालून, रिकामी किटली माझ्या काउंटरवर आपटणारा माणूस त्यात नव्हता. "का बे, विष विकालास का औषध?" असं गिऱ्हाइकांदेखत विचारणारा तर नव्हताच.

आपलं भांडण सुरू झालं तेव्हा आपल्याला धड मिशाही फुटल्या नव्हत्या, आठवतं? दोघंही एकाच तालमीत होतो. माझ्या मांडीवर गळू आलं. लंगोट कसला की डोळ्यांत पाणी यायचं. मी ते घरी सांगेना, कारण सांगितलं असतं तर वडिलांनी तालीमच बंद केली असती. तू म्हणालास, "चल, आईकडं जाऊ." आपण एस्टीनं तुझ्या गावाला, मैंदर्गीला गेलो. तुझ्या आईनं मला ओसरीवर पालथं झोपवलं. लाजेनं माझा जीव चाललेला. गळू बघून ती कानडीत काहीतरी बोलली आणि तू हसलास. मी कळवळून हात मागं नेला, तशी तिनं चापट मारली.

"मुट्टब्याड! हात लावू नगं. पिळलास तर आत जातंय ते."

मग तिनं कडुलिंबाचा पाला घालून पाणी उकळलं. पिंपळाएवढ्या झाडाचा सगळा पाला घातला असेल असं मला वाटलं, एवढा वास. स्वच्छ फडकं त्या पाण्यात बुडवून, पिळून, सोसवेल एवढं गरम ती गळवावर ठेवायची. गार झालं की पुन्हा. दुपारभर तेच चाललं होतं. संध्याकाळी हळद आणि कणकेचं पोटीस बांधलं. दुसऱ्या दिवशी गळू आपोआप फुटलं, पू वाहून गेला, आणि मला इतकं हलकं वाटलं की मी तिथंच तुझ्या आईच्या पाया पडलो. ती म्हणाली, "माझ्या न्हाय, लिंबाच्या पड."

परतीच्या एस्टीत तू म्हणालास, "बघितलास? डॉक्टर नको, गोळी नको." मी म्हणालो, "कदाचित नुसत्या गरम पाण्यानंही झालं असतं." तू सोलापूर येईपर्यंत माझ्याशी बोलला नाहीस. ते पहिलं भांडण.

पुढं मी औषधांचा कोर्स केला, तालीम सुटली, नवी पेठेच्या मागच्या गल्लीत दुकान टाकलं. तू मातीतच राहिलास आणि वस्ताद झालास. तुझी माती बघायला लोक यायचे. तू ती उकरून भुसभुशीत करायचास आणि तिच्यात ताक, तेल, हळद, कापूर, लिंबाचा वाळवलेला पाला मिसळायचास. कुणा पोराची पाठ खरचटली की म्हणायचास, "लोळ तिच्यात. आपली माती औषध हाय." मी म्हणायचो, "नागू, तुझी माती असेल औषध, पण तुझा पंचा रोग आहे. सगळे एकाच पंचानं अंग पुसतात. एकाचं गळू दुसऱ्याला जातं ते तिथून." तू म्हणायचास, "एका ताटात जेवणारी पोरं हायत ती. पंचा येगळा दिला तर मनं येगळी व्हत्यात."

तूही मला सोडत नव्हतास. माझ्या दुकानात लोक अँटिबायोटिकच्या दोनच गोळ्या मागायचे, पूर्ण कोर्स नको म्हणायचे, आणि मी कात्रीनं गोळ्यांची पट्टी कापून द्यायचो. ते तू स्टुलावर बसून बघायचास. गिऱ्हाईक गेलं की म्हणायचास, "माझं पोटीस अर्ध्यात सोडलं तर गळू तेवढं राहतंय. तुझी गोळी अर्ध्यात सोडली तर काय व्हतंय, सांग की?" मला उत्तर माहीत होतं. पुढच्या वेळी तीच गोळी लागू पडत नाही. ते मी पुस्तकात शिकलो होतो आणि तू नुसतं बघून ओळखलं होतंस. तरी मी कात्री चालवायचो. गल्लीत समोर दुसरं मेडिकल होतं.

आणि गंमत म्हणजे, एखादी बाई लहानसं गळू घेऊन आली की मीच तिला सांगायचो, "ताई, पिळू नका. गरम पाण्याचा शेक द्या, स्वच्छ ठेवा. वाढलं, ताप आला, तर मात्र डॉक्टरकडं जा." तू मागून ओरडायचास, "आईचं औषध विकालास की! आन् ते बी फुकट!" त्या बाईला कळायचं नाही आपण दोघं का हसतोय.

तुला साखर आहे हेही माझ्याच काउंटरवर कळलं. नवीन मशीन आलं होतं, तपासून बघू म्हणून तुझ्या बोटाला टोचलं. आकडा बघून मीच खाली बसलो. तू म्हणालास, "मशीन खराब असंल." मग गोळ्या सुरू झाल्या. रोज किटली आपटायची, माझ्या हातून गोळी घ्यायची, माझ्याच तांब्यातलं पाणी प्यायचं. तू ती माझ्यासाठी खातोयस असा तुझा आविर्भाव असायचा. कदाचित तसंच असेल. असं आता वाटतं, कारण आपलं बोलणं बंद झालं त्यानंतर तू त्या गोळ्या नीट खाल्ल्याच नाहीस.

सचिनचं सगळ्यांना माहीत आहे, म्हणजे मी जेवढं सांगितलं तेवढं माहीत आहे. मंगळवेढ्याकडचा, ज्वारीच्या रानातून आलेला पोरगा. तुझ्या तालमीतला सगळ्यात चांगला पठ्ठा. गावच्या जत्रेतली कुस्ती ठरलेली, आणि त्याच्या गुडघ्यावर फोड आला. तू पोटीस बांधलंस. तो आखाड्यातच कोसळला, अंगात फणफणून ताप. दवाखान्यात नेल्यावर कळलं की पू सांध्यात उतरला आहे. ऑपरेशन झालं. पाय वाचला, पण डॉक्टरांनी सांगितलं की कुस्ती संपली.

मला हे कळलं आणि मी दुकान तसंच टाकून तालमीत आलो. दुपार टळली होती. पोरं जमली होती, सचिनचे वडील आणि चुलते होते, गल्लीतली चार मोठी माणसं होती. तू उघड्या अंगानं आखाड्यात उभा, हातात फावडं. मी काठावरून ओरडलो. काय बोललो ते तुला सांगायला नको, तू शब्द न शब्द ऐकलास. पण हे वाचणाऱ्यांसाठी सांगतो.

"पोटिसं बांधून पोराचा जन्म वाया घालवलास तू! तुझ्या आईचं अडाणी औषध अजून किती जणांच्या गळ्यात बांधणार? आज गुडघा गेला, उद्या जीव घेशील कुणाचा तरी!"

तुझ्या आईचं नाव घेतलं मी. जिच्या मी पाया पडलो होतो.

सगळे तुझ्याकडं बघत होते. मला वाटलं, आता तू फावडं टाकून माझ्या अंगावर येशील. आला असतास तर बरं झालं असतं. दोन दिले असतेस, मीही हात उचलला असता, आठवड्यात सगळं विसरलं असतं. पण तू नुसता माझ्याकडं बघत राहिलास. मग खाली वाकून माती सारखी करायला लागलास.

"झालं बोलून?" तू म्हणालास. "जा मग. दुकान उघडं टाकून आलायस."

मला वाटलं, तुझ्याकडं उत्तर नाही म्हणून तू गप्प आहेस. मी जिंकलो असं वाटलं मला, नागू. चालत दुकानाकडं येताना मनात कुठंतरी मी खूश होतो.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर किटली आपटली नाही. मग कधीच नाही.

दोन वर्षं आपण एकाच गावात राहिलो. नवी पेठेत तू सायकलवरून दूध घेऊन जायचास, मी शटर वर करत असायचो. तुझी घंटी ओळखू यायची. मी मुद्दाम पाठ करून कुलपाशी खटपट करत राहायचो, आणि घंटी लांब गेली की वळायचो. एकदा दिवाळीच्या गर्दीत आपण अगदी समोरासमोर आलो. मधून रिक्षा गेली. ती गेल्यावर तू तिथं नव्हतास. मी चार पावलं पुढं येऊन बघितलं असतं तर तू कापडाच्या दुकानाच्या पायरीवर दिसला असतास, असं मला वाटतं. मी बघितलं नाही. दिवाळी होती, दुकानात गर्दी होती. असली कारणं लई सापडतात.

आणि मग सचिनचा फोन आला. "काका, वस्ताद ॲडमिट हायत. पाठीवर काळपुळी झालीया. लई वाढलीया."

काळपुळी म्हणजे काय हे मला कुणी सांगायला नको होतं. अनेक तोंडांचं गळू, साखर असलेल्या माणसाच्या पाठीवर. रिक्षात बसल्या बसल्या मला सगळं दिसत होतं. तुला ती दिसतच नसणार, पाठीवर ती. महादेवी वहिनींनी लेप लावला असणार, तू पालथा पडून "अजून थोडा वर" म्हणाला असशील. आणि साखरेमुळं तुला दुखलंही पुरतं नसेल.

तू कुशीवर झोपला होतास. एवढा मोठा माणूस त्या खाटेवर किती लहान दिसत होता. नर्स पट्टी बदलत होती आणि मी नेमका त्याच वेळी आत आलो. मी ती जखम बघितली. तळहाताएवढी असेल असं मला वाटलं होतं, ती त्याहून मोठी होती. दोन वर्षांनी मी तुझ्यासमोर उभा होतो, आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं?

"बघ. सांगितलं होतं की नाही?"

तू मान वळवून माझ्याकडं बघितलंस. राग नव्हता तुझ्या डोळ्यांत. उलट तू जरासा हसलास, वाट बघत असलेली गोष्ट एकदाची आली तर माणूस हसतो तसा.

"व्हय," तू म्हणालास. "सांगितलं हुतंस."

मी रडलो ते त्यानंतर, जिन्यात. आत येऊन तुझा हात धरला तेव्हा तू झोपला होतास.

मग मी रोज येत राहिलो. डॉक्टरांशी मी बोलायचो, औषधांची नावं मला कळायची, आणि ती नावं बदलत चालली हे कळायचं. एक लागू पडेना, दुसरं सुरू करायचे. इन्फेक्शन रक्तात गेलं होतं. वहिनींना मी "होईल बरं" सांगायचो. तुला नाही सांगितलं, तू विचारलंही नाहीस. दोन दिवस तुला जरा हुशारी वाटली होती. त्यातल्या एका दुपारी वहिनी चहा घ्यायला खाली गेल्या होत्या. तू डोळे मिटूनच बोललास.

"विलास, खरं सांग. आईचं सगळंच खोटं हुतं काय?"

मला कळलं तू काय विचारतोयस. तू भांडत नव्हतास. पोरगा विचारतो तसं विचारत होतास. आणि मी काय म्हणालो? "आता झोप तू. घरी आल्यावर भांडू निवांत." तुझं पांघरूण सारखं केलं. तू "बरं" म्हणालास.

तू घरी आला नाहीस. ते उत्तर माझ्यापाशीच राहिलं. आता देतो, ऐक.

सगळं खोटं नव्हतं, नागू. शेक खरा होता. आजही मोठमोठे डॉक्टर लहान गळवाला तोच सांगतात. न पिळणं खरं होतं. पाणी उकळून घेणं, स्वच्छ फडकं घेणं, दुपारभर एखाद्याच्या उशाशी बसणं खरं होतं. हळदीत आणि लिंबाच्या पाल्यात थोडं काहीतरी आहे, असं शिकलेले लोकही म्हणतात; पण पोटिसातलं नेमकं किती उपयोगी पडायचं ते मला माहीत नाही, आणि तुलाही नव्हतं. माणसाचं अंग धडधाकट असलं, गळू लहान असलं, तर अंगच ते बरं करतं; तुझी आई त्याला मदत करायची. पण ताप आला, लाली पसरायला लागली, गळू चेहऱ्यावर किंवा सांध्याजवळ असलं, किंवा अंगात साखर असली, की तिथं आईचा हात पोचत नाही. तिथं तिनंही तुला माझ्याकडं पाठवलं असतं. ती आडमुठी नव्हती. आडमुठे आपण दोघं होतो.

एवढंच सांगायचं होतं. त्या दुपारी एवढं बोलायला चहा संपेपर्यंतचा वेळ पुष्कळ होता.

तू गेल्यावर तुझ्या घरी आलो तेव्हा वहिनी ओट्यापाशी बसल्या होत्या. म्हशी दुसऱ्याला दिल्या होत्या, गोठा रिकामा होता. मी विचारू नये ते विचारलं. "वहिनी, एवढं वाढेपर्यंत मला का नाही कळवलंत?"

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "रोज म्हणत हुते भावजी. फोन लावते म्हणून हातात घ्यायची, तर फोन काढून घ्यायचे. म्हणायचे, त्याला नगं सांगू. त्यो आला की पैलं काय म्हणंल मला म्हाईत हाय."

"काय म्हणेल म्हणाले?"

वहिनी माझ्याकडं बघेनात. त्यांनीही ते वाक्य ऐकलं होतं. त्या तेव्हा खाटेच्या पलीकडं उभ्या होत्या.

मी तिथून उठलो तो कसा घरी आलो मला माहीत नाही. तू मला एवढा पुरता ओळखत होतास. आणि मी तुझा अंदाज एकदाही चुकवू शकलो नाही. तू मरणाच्या खाटेवर होतास तरीसुद्धा नाही.

तालमीत शोकसभा झाली. मला बोलायला सांगितलं. आखाड्याच्या काठावर सतरंजी टाकली होती, तुझा फोटो होता, हार होता. मी चार शब्द बोललो. तुझी शिस्त, तुझी निष्ठा, लहानपणापासूनची मैत्री. लोकांनी माना डोलावल्या. दोन वर्षांपूर्वी मी तिथूनच ओरडलो होतो हे बऱ्याच जणांना आठवत असणार, पण मरणाच्या सभेत कुणी तसलं बोलत नाही. मीही त्याचा विषय काढला नाही. मनातल्या मनात म्हणालो, चुकीच्या ठिकाणी ओरडलो खरा, पण बोललो ते चूक नव्हतं.

सगळे गेल्यावर सचिन थांबला. आता तो पोरांना शिकवतो, काठीशिवाय चालतो, पण तो पाय वाकत नाही. सतरंजीची घडी घालता घालता म्हणाला, "काका, एक सांगायचं हाय. वस्तादांनी शपथ घातली हुती. पण आता ते न्हाईत."

मी बसलो.

"गुडघ्यावर फोड आला तवा मी आधी तुमच्याकडं आलतो. वस्तादांकडं न्हाय. वस्तादांनी बघितलं असतं तर कुस्ती बंद केली असती. तुमच्या दुकानात लई गर्दी हुती. मी म्हटलं, फोड आलाय, खाज बी हाय. तुमी ट्यूब दिली. अंग गरम वाटतंय म्हटलं, तर तापाची गोळी दिली."

मला आठवेना. नागू, खरंच आठवेना. संध्याकाळच्या वेळी असे किती येतात.

"ट्यूब लावली तर लाली कमी दिसायला लागली. बरं झालं वाटलं. मी लावत राहिलो, गोळ्या खात राहिलो. मग एकदम सुजलं. तवा वस्तादांनी बघितलं आन् पोटीस बांधलं. ताप हाय का म्हणून विचारलं त्यांनी. मी न्हाय म्हटलं. गोळीनं उतरला हुता की. दुसऱ्याच दिवशी मी पडलो."

ती कुठली ट्यूब, हे मी विचारलं नाही. मला माहीत होतं. एकात तीन औषधं असलेली, स्टेरॉइड मिसळलेली. खाज थांबवते, लाली दाबते, लोकांना लगेच गुण वाटतो, म्हणून खपते. चिठ्ठीशिवाय देऊ नये असं वेष्टनावरच लिहिलेलं असतं. पू धरलेल्या फोडावर ती लावली की वरून बरं दिसतं आणि आत वाढत जातं. आणि मी गुडघ्याकडं बघितलंसुद्धा नव्हतं. बाही वर करायला सांगणारा, "दाखव की" म्हणणारा माणूस त्या संध्याकाळी स्टुलावर नव्हता.

"वस्तादांना कधी कळलं?" मी विचारलं.

"माझे कपडे घेऊन दवाखान्यात आले तवा. पेटीत ट्यूब घावली त्यांना, तुमच्या दुकानाच्या पाकिटात. मला विचारलं, मी समदं सांगितलं. त्यांनी ट्यूब सदऱ्याच्या खिशात घातली. म्हणाले, ह्ये कुणाला बोलायचं न्हाय. तुझ्या बापाला बी न्हाय. लोकांचा इस्वास उडाला तर विलासचं दुकान बसंल. मी त्याला येगळं गाठून सांगतो. आन् तसंच तालमीत आले. त्याच दुपारी तुमी आला."

सचिननं सतरंजी कडेला ठेवली. मग हळूच म्हणाला, "सांगायला नको हुतं काय, काका?"

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

म्हणजे मी काठावर उभा राहून तुझ्या आईचा उद्धार करत होतो तेव्हा ती ट्यूब खुंटीवरच्या तुझ्या सदऱ्यात होती. दोन पावलं टाकून तू ती काढली असतीस आणि नुसती वर धरली असतीस, तर माझं तोंड जन्माचं बंद झालं असतं. सचिनचे वडील तिथं होते. गल्ली तिथं होती. आणि तू खाली वाकून माती सारखी केलीस, आणि मला म्हणालास, दुकान उघडं टाकून आलायस.

तू मला वेगळं गाठून सांगणार होतास. मी तुला गाठू दिलं नाही. दोन वर्षं कुलपाशी खटपट करत राहिलो.

ती ट्यूब मी आता चिठ्ठीशिवाय देत नाही. गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं, जाऊ दे. फोड आलाय म्हणाला की आधी दाखव म्हणतो. पण हे सगळं तुला कळणार नाही, आणि सचिनचा गुडघाही त्यानं वाकणार नाही. मग शोकसभेत बोललो त्यापेक्षा वेगळं काहीतरी लिहावं असं वाटलं. त्या दुपारी आखाड्याभोवती जे उभे होते त्यांच्यातले बरेच जण हे छापून येतंय तो अंक घेतात. त्यांना सांगतो: सचिनचा गुडघा माझ्या दुकानातल्या ट्यूबनं आणि माझ्या गोळीनं गेला. नागनाथला ते माहीत होतं. त्यानं माझं नाव झाकलं आणि बोल स्वतःवर घेतला. सचिनच्या वडिलांना मी मंगळवेढ्याला जाऊन समोर बसून हे सांगून आलोय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाले, "आमी वस्तादाच्या मातीला सुदिक आलो न्हाय हो."

नागू, हे छापायला दिलंय हे तुला अजिबात आवडणार नाही. शपथ मोडली म्हणून तू सचिनला शिव्या घालशील, आणि दुकान बुडवालास म्हणून मला. जन्मभर तुझं ऐकलं नाही, त्यातलं बहुतेक सगळं आता सलतं. हे मात्र सलणार नाही.